चौथी गत

तुम्ही खोटं छापलंत. खरं काय ते तुमच्या टेबलावर पडलेलं होतं. ते वाचून, समजून-उमजून तुम्ही खोटं छापलंत, आणि त्या खोट्यापायी मी माझ्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललो नाही. परवा तुमच्या संगीत संस्थेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून तुम्ही जाडजूड ग्रंथ काढलात. त्यात त्या संध्याकाळचा फोटो आहे. फोटोखाली पुन्हा तेच खोटं. म्हणून लिहायला बसलो.

अकरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ दिनकर आला तेव्हा मी वाचनालयाच्या पायरीवर बसून फाटक्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावत होतो. चैत्राची दुपार. मी तिथला शिपाई. सातवी पास आहे. पुढचं जे काही शिकलो ते त्या कपाटांतून, सायेब लोक जेवायला गेले की.

"आण्णा, चहा पाजणार का नुसतंच बघणार?"

"पुण्याची माणसं आमचा चहा पितात व्हय अजून?"

तो हसला आणि शेजारी टेकला. चार वर्षांनी आला होता. केस मागं गेलेले, पायात चांगले बूट, खांद्याला पिशवी. पुण्यात एका कॉलेजात संगीत शिकवायचा. व्हायोलिन वाजवायचा, वाजवणाऱ्यांना लिहून द्यायचा. त्याला लोक 'सर' म्हणतात हे मला गावातल्या एका पोरीकडून कळलं होतं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

"काम हाय तुझ्याकडं," तो म्हणाला. "आबांच्या गती पायजेत मला."

मी खळीची वाटी बाजूला ठेवली.

आमचे आबा, येसू वायदंडे. आम्ही मांग. गावच्या देवळाचा नगारखाना आमच्या घराकडं. देवाला पहाटे उठवायचं, दुपारी जेवू घालायचं, सांजंला निजवायचं, सगळं आबांच्या सनईवर. आणि नगारखान्याचा जिना मात्र बाहेरच्या अंगानं, म्हणजे आमचे पाय आतल्या फरशीला लागायला नकोत. त्या जिन्यावर आबांनी बावीस गती, म्हणजे सनईवरच्या चाली, बांधल्या. कुणाकडं शिकले नाहीत. लांबून, भिंतीपलीकडून, थोरामोठ्यांच्या बैठकांच्या खिडकीखालून जे कानात पडलं त्यातून केल्या. आबांना रागांची नावं ठाऊक नव्हती. ते म्हणायचे, 'दिवे लागायच्या आधीची', 'नवरी न्हाताना', 'पाऊस उघडल्यावरची'.

सनईच्या ताफ्यात दोघं फुंकतात. एक सनई वाजवतो, दुसरा सूर धरतो. सूर दिसायला सनईसारखाच, पण त्यातून एकच स्वर काढायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. हवा नाकानं ओढायची, गालात साठवायची, तोंडानं सोडत राहायची. सनईवाला थांबतो, श्वास घेतो, लोक माना डोलावतात. सूरवाल्यानं श्वास घेतलेला कुणाला कळता कामा नये.

मी सूर धरायचो. अकराव्या वर्षापासून आबा जाईपर्यंत, सव्वीस वर्षं. एकदा सनई मागितली तर आबा म्हणाले, "तू हललास तर मी कुणाच्या जिवावर हिंडू? तू हलू नगो." आणि दिनकर सात वर्षांचा झाला तेव्हा स्वतःच्या हातानं सनई त्याच्या तोंडात दिली. म्हणाले, ह्याचं बोट हलकं हाय. त्यानं ती सात वर्षं वाजवली, मग स्कॉलरशिप मिळाली, बोर्डिंगात गेला, सनई खुंटीवर. मला कधी मिळाली नाही ती त्यानं सोडून दिली. हे मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

"तुला येत न्हाईत व्हय त्या?" मी विचारलं.

"दोन-तीन अर्ध्यामुर्ध्या. लहान होतो मी. सगळ्या तुझ्या कानात हायत."

"कानात हायत. तोंडात कुठं हायत? माझ्या तोंडात एकच सूर."

"म्हणून दाखव नुसत्या. मी लिहून घेतो."

मग त्यानं सांगितलं. पुण्यात एक अमेरिकेचा व्हायोलिनवाला आला होता, काळा माणूस. त्यांच्यातही मागं मोठमोठे वाजवणारे, लिहिणारे होऊन गेले. शास्त्रीयच, पण गोऱ्यांच्या हॉलांत त्यांना घेत नव्हते. मेले आणि विसरले गेले. ह्यानं त्यांच्या चाली हुडकल्या, कुठं ट्रंकेत, कुठं चर्चच्या माळ्यावर, आणि त्यांवर नवं संगीत लिहिलं. जुनं जसंच्या तसं न वाजवता त्यातून नवं काढलं.

"आणि आण्णा, कार्यक्रमाचा कागद दिलेला. त्याच्यावर पहिल्या ओळीत त्या मेलेल्या माणसांची नावं. ह्याचं नाव शेवटी, बारीक अक्षरात. मला तिथं बसल्या बसल्या आबा दिसले."

"मग त्यालाच बोलवायचं वायदंड्याच्या घरी. वैनी कोंबडं कापती."

"चेष्टा करू नगो."

"नाव छापशील?"

"पहिल्या ओळीत. पूर्ण. येसू लक्ष्मण वायदंडे."

त्या माणसाचं नाव आजवर फक्त मतदारयादीत आणि दवाखान्याच्या कागदावर छापलं गेलं होतं. मी हो म्हणालो. पण मनात काय होतं ते सांगतो, कारण मी तुमच्यासारखा लपवणारा नाही. मला वाटलं, सव्वीस वर्षं गाल माझे फुगले, आणि हॉलात उभा राहणार हा.

तीन दिवस तो आमच्या घरी होता. मी भिंतीला टेकून म्हणायचो, तो मांडीवर वही घेऊन लिहायचा. खुणा, आडव्या-उभ्या रेघा, टिंबं. मला राग यायचा की ज्याच्यासाठी मी जन्म घालवला ते त्याला कागदावर दोन मिनिटांत सापडतंय.

"ही मुलतानी हाय, आण्णा. चोख मुलतानी."

"आबा तिला दिवे लागायच्या आधीची म्हणायचं."

"व्हय, तीच तिची वेळ." त्यानं वहीत दोन्ही नावं लिहिली. मग ओळींच्या मधे मधे स्वल्पविरामासारख्या खुणा केल्या.

"ह्या कशाच्या?"

"श्वासाच्या. आबा इथं श्वास घ्यायचं, व्हय ना? तू म्हणतानासुद्धा तिथंच थांबतोस."

खरं होतं. आबा जिथं थांबायचे तिथं मी थांबत होतो. माझ्या लक्षातही नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत अशा तीन गती लिहून झाल्या. कार्यक्रमाला चार पाहिजे होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आता कुठली? तूच ठरीव. आबांची सगळ्यात भारी कुठली?"

हौसा, माझी बायको, चुलीपुढं भाकरी थापत होती. मी डोळे मिटले आणि म्हणायला लागलो.

ती गत आबांची नव्हती. माझी होती.

सूर धरता धरता कधीतरी ती माझ्या डोक्यात सुरू झाली होती. सव्वीस वर्षं एका स्वरावर बसून माणूस करेल काय? त्या स्वराच्या आजूबाजूला फिरतो. कुणाला ऐकवलेली नव्हती, फुंकलेली नव्हती. फक्त हौसानं ऐकलेली, मी लाकडं फोडताना गुणगुणायचो तेव्हा. मी ती दिनकरला आबांची म्हणून दिली. का दिली त्याची दोन्ही कारणं सांगतो. एक, ह्या शिकलेल्या माणसाला फसवून बघावं, ह्याच्या रेघाटिंबांना कळतंय का बघावं. दोन, ती हॉलात वाजावी. माझ्या नावानं तिला कुणी हॉलात घेतलं नसतं. दिनकरनंसुद्धा, असं मला वाटलं.

हौसाचा हात भाकरीवर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा थापायला लागली.

दिनकर लिहीत गेला. शेवटाला पेन्सिल कागदावरच ठेवून म्हणाला, "परत म्हण."

मी परत म्हणालो.

"ह्याच्यात श्वास कुठं घ्यायचा?"

"म्हंजे?"

"कुठं जागाच न्हाई. तूसुद्धा दोन्ही वेळेला वेगळ्याच जागी चोरून घेतलास. एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू होती."

"आबा घेत नव्हतं ह्याच्यात."

"कुठल्याच जागी?"

"मी शेजारी बसायचो का तू?"

त्यानं त्या ओळी बोटानं पुन्हा मोजल्या. "नाव काय हिचं?"

मला नाव सुचेना. आबांच्या प्रत्येक गतीला नाव होतं. मी म्हणालो, "हिला नाव नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. वहीत काहीतरी लिहिलं आणि हात धुवायला बाहेर गेला.

हौसा हळूच बोलली, "दुसऱ्याच्या लेकराला आपलं नाव लावणारी माणसं ऐकल्याती. आपल्या लेकराला दुसऱ्याचं नाव लावणारं तुमीच पयलं."

"गप बस."

"मी गपच हाय. तुमचं तुमी बघा."

महिन्याभरानं त्यानं मला शहरात तालमीला बोलावलं. तुमच्याच हॉलात. मी मागच्या दारानं आत आलो, तुमच्या पहारेकऱ्यानं पुढच्या दारानं सोडलं नाही म्हणून. मंचावर अकरा माणसं. सहा व्हायोलिनं, दोन मोठी उभी, एक बासरीवाले, एक सनईवाले आणि तबला. दिनकर मधे उभा. हातानं खुणा करायचा आणि अकरा माणसं एकदम थांबायची. मी बायकोपोरांनासुद्धा असं कधी थांबवू शकलो नाही.

पहिली गत सुरू झाली. सनई एकटी, मग व्हायोलिनांनी खालून सूर धरला, आमच्यासारखाच, पण सहा जणांनी मिळून, आणि त्या सुराला हळूहळू फांद्या फुटल्या. आबा त्यात होते आणि आबांनी कधी न ऐकलेलंही त्यात होतं. मला रडू आलं असतं. पण जळणाऱ्याला रडू येत नाही.

चौथ्या गतीला सनईवाले थांबले. मग बासरीवाल्यांनी करून बघितली. ते जाडजूड, मिश्कील गृहस्थ. अर्ध्यावर बासरी खाली घेतली आणि म्हणाले, "दिनकरराव, ही वाजवताना मी गचकलो तर बायकोला काय सांगाल? श्वास घेऊ कुठे?"

सगळे हसले.

"थोडी जागा करून देता का मधे?" सनईवाले म्हणाले. "एखादी मात्रा."

"नाही," दिनकर म्हणाला. "जागा करायची नाही. मोडेल ती. तुम्ही दोघं ही सोडा. व्हायोलिनला देतो. त्यांना श्वास लागत नाही."

आणि त्यानं खरंच स्वतःचं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि माझी गत सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकट्यानं वाजवली. हात न उचलता. मी खुर्चीला धरून बसलो. माझ्या डोक्यात ती इतकी वर्षं जशी वाजली होती तशीच ती वाजत होती, आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, घेतली. फुंकायच्या वाद्यावरून काढली आणि स्वतःच्या हातात घेतली. सनईसारखीच हीसुद्धा.

चहाच्या वेळेला तो माझ्याजवळ आला. "कशी वाटली चौथी?"

"आबांची सनईची गत तू तारांवर नेलीस."

"आण्णा, तिला श्वास—"

"तुझं तू बघ. तू सर हायस."

तेवढ्यात तुमच्या कार्यवाहांनी त्याला हाक मारली. छपाईसाठी मजकूर पाहिजे होता, आजच. त्यानं वहीतून एक कागद काढला, उभ्या उभ्या लिहून भरला आणि नेऊन दिला. लांब होतो, वाचता आलं नाही. नावं लिहीत असेल एवढं समजलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत. कार्यक्रमाचे कागद पुढच्या रांगांना गुलाबपाण्याबरोबर वाटले गेले. आमच्या रांगेपर्यंत गुलाबपाणीही आलं नाही. अध्यक्षांनी भाषण केलं, लोकपरंपरा, माती, अनाम कलावंत. 'अनाम' ऐकून मी सावरून बसलो. म्हटलं, आता नाव घेतील. घेतलं नाही. म्हटलं, कागदावर असेल.

चौथी गत वाजली तेव्हा हॉलात खोकणारेसुद्धा थांबले. माझ्या पुढच्याच रांगेत एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. ती माझ्या लाकडं फोडतानाच्या गुणगुणीवर रडत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. आयुष्यात तेवढी एकदा मी श्रीमंत झालो.

टाळ्या थांबल्यावर तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय चाल आहे हो. कुणाची?"

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "कुणाची नाही. पारंपरिक."

मी मागून हात घालून तो कागद घेतला. घेतला म्हणजे ओढला. त्यावर होतं: 'सूर-परंपरा. संगीतरचना व संचालन: दिनकर वायदंडे.' ठळक अक्षरात. खाली चार गतींची यादी, आणि चारींपुढं एकच शब्द, पारंपरिक.

येसू लक्ष्मण वायदंडे कुठंच नव्हते. वर नाही, खाली नाही, बारीक अक्षरातही नाही.

मी मंचामागं गेलो. दिनकर शाल-श्रीफळ घेऊन नुकताच आत आला होता. मी कागद त्याच्या छातीवर लावला.

"हे काय हाय?"

"आण्णा, मी लिहून दिलेलं. माझ्या हातानं."

"मग उडालं व्हय? वाऱ्यानं?"

"मलाबी मघाशीच दिसलं. कार्यवाह म्हणतात, छपाईची चूक."

"चूक चार ओळीत एकसारखी व्हती व्हय? आणि तुझं नाव कसं चुकलं न्हाई?"

त्यानं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"मघाशी दिसलं," मी म्हणालो, "आणि शाल घेतलीस."

"व्हय. घेतली." त्यानं शाल खांद्यावरून काढली, पण ठेवायची कुठं ते त्याला कळेना. "माझं चुकलं. पण आण्णा, ऐक. चौथ्या गतीचं मला तुझ्याशी बोलायचं हाय. आधीच बोलायला पायजे होतं."

मला वाटलं, ह्यानं ओळखलं. आता सगळ्यांसमोर म्हणणार, तू बापाच्या नावावर खोटं दिलंस. आणि मी त्याला बोलू दिलं नाही.

"चौथीचं नाव काढू नगो," मी म्हणालो. "बाप विकून आलास, आता मला शिकवतोस? सनई दिली तवाच चुकलं आबांचं. आजपासनं मला भाऊ न्हाई."

बासरीवाले मधे पडले, "अहो, अहो," म्हणाले. मी त्यांना ढकललं. शेवटची एस.टी. पकडून घरी आलो.

त्याची तीन पत्रं आली. तिन्ही न फोडता परत पाठवली. पोस्टमन म्हणाला, जाड आहेत. मी म्हणालो, असू दे. हौसाच्या आजारपणात तो दवाखान्यात येऊन भेटून गेला, मी ड्युटीवर असताना. तिनं मला सांगितलं ते तो गेल्यावर. पुण्यातून वर्तमानपत्रांत त्याचं नाव यायचं. मी ते वर्तमानपत्र वाचनालयाच्या मेजावर उलटं ठेवायचो, की दुसरं कुणी वाचू नये.

अशी अकरा वर्षं.

मागच्या महिन्यात तुमच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या वाचनालयाला पुस्तकं द्यायला आले. त्यांचं नाव तुम्हाला सांगणार नाही. पावतीवर माझी सही वाचून ते थबकले. "वायदंडे? सर्जेराव?" म्हणाले. परत आठ दिवसांनी आले आणि एक पिवळा लिफाफा माझ्या हातात दिला. "कचरा काढताना सापडला होता. फाडवला नाही," म्हणाले, आणि पाणीसुद्धा न पिता गेले.

तो दिनकरनं उभ्या उभ्या भरलेला कागद. त्याचं अक्षर मी ओळखतो. बोर्डिंगातून आबांना यायची ती पत्रं मीच वाचून दाखवायचो. त्यात जसं आहे तसं उतरवतो:

'गत पहिली. येसू लक्ष्मण वायदंडे.
गत दुसरी. येसू लक्ष्मण वायदंडे.
गत तिसरी. येसू लक्ष्मण वायदंडे.
गत चौथी. सर्जेराव येसू वायदंडे.
(चौथीत श्वासाला कुठेही जागा नाही. सनई वाजवणारा अशी गत बांधणार नाही, आयुष्यभर सूर धरलेला माणूसच बांधेल. माझा भाऊ हे कबूल करणार नाही. तरी नाव त्याचेच छापावे, ही विनंती.)
मांडणी: दिनकर वायदंडे. हे सर्वांत शेवटी, लहान अक्षरात.'

आणि ह्या सगळ्यावरून लाल पेन्सिलीची आडवी रेघ. दाबून ओढलेली, कागद फाटेपर्यंत. बाजूला त्याच पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात: 'वाजंत्र्यांची नावे नकोत. चारही पारंपरिक करावे. वायदंडे सरांना चालेल.'

खाली सही नाही.

मी माझं सगळं सांगितलं आहे. भावावर जळलो, त्याला फसवायला गेलो, आणि त्यानं ओळखून माझं नाव लिहिलं तेव्हा त्याला बोलूही दिलं नाही. ह्यातलं माझं जे आहे ते मी रविवारी पुण्याला जाऊन त्याच्या दारात उभा राहून फेडीन. तो दार उघडेल का नाही, तो आमचा प्रश्न.

पण लाल पेन्सिल आमची नव्हती. तुमच्यातला कुणीतरी ती हातात धरून बसला होता. त्यानं दोन माणसांची नावं वाचली, कंसातलं वाचलं, भाऊ भावासाठी काय मागतोय तेही वाचलं, आणि मग रेघ ओढली. तो अजून तुमच्या कार्यकारिणीत असेल, नाही तर भिंतीवरच्या फोटोत असेल. फोटोखाली त्याचं नाव असेल, पूर्ण, पदवीसकट.

मी सर्जेराव येसू वायदंडे, वाचनालयातला शिपाई, हे सहीनिशी विचारतो. ज्यानं ती रेघ ओढली, त्याचं नाव काय?